मधात माणूस मावते काय?

वर्धा जिल्ह्यात उशिरा येणारी माणसं पुष्कळ आहेत, मी स्वतः त्यांतलाच. पण पिढ्यान्‌पिढ्या उशीर करत करत थेट पेंढाऱ्यांच्या काळाला हात टेकवून बसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमच्या मावशीचे भासरे. भासरे म्हणजे आमच्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ. हे काही मावशीचे सख्खे भासरे नव्हेत, चुलतही नव्हेत, गावनात्यानं भासरे. रोहण्याच्या अलीकडे एका खेड्यात मावशी दिलेली होती, तिच्या घराला भिंत लावून यांचं घर, आणि वयानं हे मावशीच्या नवऱ्यापेक्षा मोठे, एवढं भांडवल त्या नात्याला पुरलं. मावशी त्यांचं नाव कधी घ्यायची नाही. ते ओसरीवर दिसले की डोक्यावरचा पदर पुढे ओढून "भासरे आले, भासरे आले" असं कुजबुजायची. सुटीत आलेल्या आम्हा भाचरांना वाटलं, हे त्यांचं आडनावच असणार. आम्ही त्यांना तोंडावर 'भासरेजी' म्हणू लागलो, आमचं ऐकून शेजारपाजारचे म्हणू लागले, मग किराणावाला, मग पोस्टमन. पुढे पुढे तर मावशीचा नवरा, ज्याचे ते भाऊ लागायचे, तोही "काहो भासरेजी" अशी हाक मारून बसायचा आणि मग जीभ चावायचा. भासरेजींना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "नाव काहीबी ठेवा लेकहो, फक्त नातं बदलवू नोका." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते नीट ऐकलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता.

उशीर हा त्यांचा स्वभाव नव्हता, खानदानी मामला होता. बस चुकली तर त्यांना वाईट वाटत नसे. बस मिळाली तरच ते गोंधळून जात. एकदा कारंजा घाडगेला कोणाच्या तरी लग्नाला निघाले. बस चुकली, दुसरीही चुकली, मग एका ट्रकवाल्याला हात दाखवून हायवेनं निघाले. इकडे लग्न लागून, पंगती उठून वरात परतीला लागलेली. वाटेत एका ढाब्यावर नवरानवरी चहाला उतरलेली भासरेजींना दिसली. त्यांनी ट्रक थांबवला, खिशातल्या अक्षता काढल्या आणि तिथंच, बाजेवर बसून बशीतून चहा पिणाऱ्या त्या जोडप्याच्या डोक्यावर टाकल्या. "लागलं आता लगन," म्हणाले, आणि ट्रकवाल्याबरोबर दालतडका खाऊन घरी आले. त्यांचा चेहरा असा, की उशिरा आपण आलोच नाही, बाकीचे सगळे लवकर आले होते.

त्यांच्या काळाच्या गणितानं मला तर पार वेडं केलं होतं. मी वर्ध्याला एका शाळेत इतिहास शिकवायचो, राहायला नालवाडीला. दर सुटीत मावशीकडे जायचो, आणि दर वेळी भासरेजी मला 'आता आता' या दोन शब्दांनी गंडवायचे. "आता आताची गोष्ट हाय मास्तर, नाल्यावर वाघ दिसला." झालं! मी तीन दिवस नाल्याकडे फिरकलो नाही. सकाळचा लोटा घेऊन मावशीच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, भलत्याच अडचणीच्या जागी, काट्याकुट्यांत बसलो. चौथ्या दिवशी मावशीनं विचारलं, "काऊन रे, नाल्याचं पानी आटलं काय?" मी वाघाचं सांगितलं, तर मावशी पदरात तोंड घालून हसत सुटली. वाघ खरा होता. पण तो भासरेजींच्या वडिलांना दिसला होता, आणि तेव्हा वडिलांच्या मिशा फुटायच्या होत्या. मी चिडून भासरेजींकडे गेलो. ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "मंग? माह्या बानं पाह्यला. बा काय जुना मानूस हाय?"

आणि पेंढारी. पेंढारी त्यांच्या बोलण्यात असे यायचे, की अंगणात घोडे बांधलेत की काय अशी शंका यावी. त्यांचा आजा आठ वर्षांचा असताना गावावर पेंढारी आले. आईनं त्याला धान्याच्या पेवात उतरवलं, हातात अर्धी भाकर दिली आणि वरून झाकण लोटलं. अर्धी का, तर उरलेली अर्धी आईनं स्वतःच्या ओटीत बांधली होती, पळायला. पोरगा दोन दिवस त्या अंधाऱ्या खड्ड्यात ज्वारीवर बसून होता. तिसऱ्या दिवशी आईच आली, झाकण काढलं, आणि तिच्या ओटीतली अर्धी भाकर तशीच होती. ही गोष्ट सांगताना भासरेजींचा आवाज बदलायचा. मात्र त्याचा परिणाम असा झाला होता, की त्या घरचा माणूस अर्ध्या भाकरीशिवाय उंबरठा ओलांडत नसे. भासरेजी बाजाराला निघोत, लग्नाला निघोत, दुपट्ट्याच्या टोकाला अर्धी भाकर बांधलेली असायचीच. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पेंढारी आले तं?" मी बरोबर असलो की त्या अर्ध्यातली अर्धी मला मिळायची. वाळलेली, दुपट्ट्याच्या वासाची, पण देताना ते असे द्यायचे की नाही म्हणायची सोय नसे.

आता मी इतिहासाचा मास्तर. पेंढारी केव्हा संपले ते मला पाठ, मुलांना दर वर्षी छड्या मारून तेच शिकवायचो. एका उन्हाळ्यात मावशीच्या ओसरीवर कोळशानं फरशीवर हिशेब मांडला. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, भासरेजींचं वय पन्नाशीच्या पुढे धरलं, बेरीज केली, वजाबाकी केली. भासरेजी उकिडवे बसून माझ्या कोळशाकडे बघत होते. मी म्हटलं, "भासरेजी, तो तुमचा आजा असूच शकत नाही. पणजा असेल, खापरपणजासुद्धा असेल. मधात, आजा-बापाच्या मधे, एखादा माणूस सुटला तुमचा."

"पंचवीस साल?" ते म्हणाले. "पंचविसाव्या साली आमच्या घरचा मानूस मिशीले तेल लावून राह्यते फक्त. लगनाचं कोन पाह्यते? बा झाला तवा आजा साठीचा होता. मी झालो तवा बा अठ्ठावन्नचा होता."

"साठीच्या घरात कोणाला पोर होतं?"

"झालो ना मी."

मी 'बरं' म्हटलं आणि पायानं हिशेब पुसला, पण माझं हसू त्यांनी पाहिलं होतं. ते उठून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "माहा आजाच हाय तो. पणजा नाई." मला तेव्हा समजलं नाही, की या माणसानं आजा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तो यांच्या जन्माआधीच कितीतरी वर्षं गेलेला. बापाच्या तोंडून ऐकलेला तेवढाच आजा त्यांच्याकडे होता, आणि मी कोळशानं त्याला एक पाऊल मागे ढकलून दिलं होतं.

मग आणीबाणी उठली त्या सुमारास भासरेजींचं लग्न झालं. वय पंचावन्न. गावात तीन दिवस दुसरा विषय नव्हता. नवरी पस्तिशीतली, आईबापाविना भावाकडे राहिलेली, शांत बाई. मावशी तिची बाजू घेऊन उभी राहिली. तिनं मला बोलावून घेतलं आणि पदराआडून, पण भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वावर अजून आज्याच्या नावावर हाय म्हनते! उद्या भासऱ्यांचं काही कमीजास्त झालं तं ह्या बाईनं कुठं जावं? तू शिकलेला नं? जाय, नाव चढवून दे." आणि खरोखर, तपासलं तर वावर आजाच्याच नावावर होतं. बापानं 'चढवू कधीतरी' म्हणत आयुष्य काढलं, आणि यांनी बापाचा शब्द मोडला नाही.

तर आम्ही वंशावळ घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. म्हणजे दोनदा बस चुकून तिसऱ्या वेळी गेलो. वंशावळीचा कागद मीच लिहिला होता, वळणदार अक्षरात: आजा, बा आणि भासरेजी. तीन नावं, एकाखाली एक. कारकुनानं जुना कागद काढला, नवा कागद बाजूला ठेवला, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "काकाजी, हा हिसाब जमत नाई. हे नाव सव्वाशे वर्सापासूनचं हाय. त्याचा नातू माह्यासमोर उभा कसा? मधातला एक मानूस सुटला तुमचा." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमी शिकलेले, तुमीच सांगा."

इथं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण दुपारचे तीन वाजलेले, परतीची बस साडेतीनची, आणि मनातून मला ते पटलेलंच होतं. मी म्हटलं, "सुटला असेल. टाका एक." कारकुनानं पेन उचललं. "नाव?" मी भासरेजींकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहत होते. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर गणपतीचं चित्र. मी म्हटलं, "गणपत." अशा तऱ्हेनं एका मिनिटात एक माणूस जन्माला आला, वाढला, त्याचं लग्न झालं आणि त्याला मुलगाही झाला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. भासरेजींनी सही केली ती मान खाली घालून. बसमध्ये त्यांनी दुपट्ट्याची गाठ सोडली, अर्धी भाकर काढली आणि सगळी एकट्यानं खाल्ली. मी खिडकीतून पऱ्हाटीची वावरं पाहत बसलो, भूक नसल्यासारखा.

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे, पण चहापाण्यापुरतं. पेंढाऱ्यांचं नाव काढेनात. मावशीनं सांगितलं, ते कधी कधी ओसरीवर एकटेच बसून म्हणतात, "गनपत! कोन गनपत बाप्पा?" मला हसू यायचं आणि लाजही वाटायची, आणि दोन्ही एकदम आल्यानं चेहरा कसा ठेवावा ते कळायचं नाही. बरं, वावराचं काम झालं होतं. मावशी खूश, ती बाई निर्धास्त. मी केलं ते चूक की बरोबर, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

दोन वर्षांनी मावशीचं पोस्टकार्ड आलं. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, तरी मी ते तीनदा वाचलं: "भासऱ्यांले पोरगी झाली. दोघीबी खुशाल. येजो." मी शाळेतून रजा काढून गेलो. भासरेजी, वय सत्तावन्न, ओसरीवर बसून मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होते. गाठोड्यातून एक लाल मूठ बाहेर आलेली. मी उभाच राहिलो. माझ्या डोक्यात ती कोळशाची बेरीज पुन्हा सुरू झाली, या वेळी पंचवीसनं नव्हे, साठनं आणि अठ्ठावन्ननं. खिशातलं पोस्टकार्ड काढलं आणि त्याच्या मोकळ्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मांडलं. जमत होतं! अगदी चोख जमत होतं. आठ वर्षांचं पोर बरोबर पेंढाऱ्यांच्या वेळी पेवात जाऊन बसत होतं. मधात माणूस घालायला दोन बोटं जागा नव्हती.

"भासरेजी," मी म्हटलं, "चुकलं माझं. आजाच आहे तो."

त्यांनी वर पाहिलं. "समजलं ना? मंग आता काढा त्याले."

"कोणाला?"

"गनपतले."

पुन्हा आम्ही कचेरीत. तोच कारकून, तोच चष्मा. मी घसा खाकरून सांगितलं, की गणपत हे नाव चुकून पडलं, कमी करायचं आहे. कारकून म्हणाला, "नाव कमी कराचं तं मयतीचा दाखला आना."

"तो मेला नाही."

"मंग जिंदा हाय तं हजर करा."

"अहो, तो झालाच नाही!"

कारकुनानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं. "झाला नाई तं त्याच्या जन्माले साक्षीदार म्हनून सही कोनाची हाय, मास्तर?" माझीच होती, चांगली वळणदार. बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो. भासरेजी एकाएकी खांदे हलवून हसायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा. "जाऊ द्या मास्तर. न जनमलेला मानूस मरनार तरी कसा?"

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण पित्तरांच्या पंधरवड्यात निरोप आला: तुमचं पान आमच्याकडे, नक्की येजा. गेलो. घरात वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी, सगळा थाट. भिंतीशी दोन पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या, एक बापाची, एक आजाची. तिथं कोणी बसायचं नाही ही त्या घरची रीत. बापाच्या पत्रावळीवर एक सुपारी, आजाच्या पत्रावळीवर वडे-खिरीच्या बरोबरीनं अर्धी भाकर. भासरेजी म्हणाले, "आमचे बा-आजे जेवतीन. पन गनपतच्या नावानं कोन जेवन? त्याले तुमी जन्माले घातला, तुमीच जेवा."

मी हसत पुढे झालो आणि कागदावरच्या क्रमानं, म्हणजे बाप आणि आजा यांच्या मधे, बसायला गेलो. भासरेजींनी माझा दंड धरला. "थांबा. पाहा बरं, मधात मानूस मावते काय?"

मी वाकून पाहिलं. त्यांनी दोन्ही पत्रावळी अशा मांडल्या होत्या, की एकीची कड दुसरीच्या कडेखाली सरकवलेली. एकीतला कढीचा ओघळ दुसरीत गेला होता. मधे माणूस काय, माझं बोटसुद्धा गेलं नसतं. मी मान हलवली.

"नाई मावत ना?" ते म्हणाले. "मंग झालं." आणि त्यांनी माझं पान दाराजवळ मांडलं, पाहुण्याचं मांडतात तिथं. माझ्या हातावर पाणी घातलं आणि सत्तावन्न वर्षांचा तो माणूस माझ्यापुढे, चाळिशीही न गाठलेल्या माणसापुढे, वाकला. मी ओरडलो, "अहो, काय करता!" तर म्हणे, "कागदानं तुमी माहे आजे लागता. रीत हाय. आता तुमी उठा आनि तुमच्या बाच्या पाया पडा." कोण कोणाचा बाप आणि कोण कोणाचा नातू, माझं डोकं गरगरायला लागलं. पण उठलो. त्या अर्ध्या भाकरीच्या पत्रावळीपुढे डोकं टेकवलं. का कोण जाणे, चटकन उठवेना. पेवात दोन दिवस बसलेल्या त्या आठ वर्षांच्या पोराची मी माफी मागितली, मनातल्या मनात, आणि माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो. निघताना भासरेजींनी माझ्या रुमालात भाकरीची उरलेली अर्धी बांधली.

पुढे दर पित्तरांत माझं पान दाराजवळ ठरलेलं. सहा वर्षं मी गणपत होऊन जेवलो, वडे तर इतके, की खरा गणपत असता तर त्यानं कौतुक केलं असतं. पोरगी वाढत होती, भासरेजी तिला मांडीवर घेऊन वाघाची, पेंढाऱ्यांची 'आता आता'ची गोष्ट सांगायचे. आणि मग एका हिवाळ्यात, सगळ्या गोष्टी उशिरा करणाऱ्या त्या माणसानं एकच गोष्ट वेळेआधी केली. बाप अठ्ठ्याहत्तर जगला, आजा चौऱ्याऐंशी. हे चौसष्टावर गेले. मावशी त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यावरचा पदर विसरून, मोठ्यानं, त्यांचं नाव घेऊन रडली. मला क्षणभर कळलंच नाही, ती कोणाला रडतेय.

त्या वर्षीच्या पित्तरांत मी गेलो. पत्रावळी पोरगी मांडत होती, सात वर्षांची, ओठ घट्ट मिटून. भासरेजींच्या आजाची मांडली, त्यांच्या बापाची मांडली, आणि तिसरी, तिच्या बाबाची, बापाच्या कडेखाली जोर लावून सरकवली. मी म्हटलं, "बाई, थोडी दूर ठेव, खीर सांडेल."

"नाई," ती म्हणाली. "बाबानं सांगतलं हाय, मधात जागा ठेवाची नाई." मग माझ्याकडे वळून, "तुमी काऊन उभे हा गनपतबाबा? तुमचं पान दाराजवळ हाय."

मी दाराजवळ जाऊन बसलो. जेवलो. निघताना ती धावत आली आणि माझ्या रुमालात अर्धी भाकर बांधू लागली, गाठ तिला नीट येत नव्हती. मी विचारलं, "ही कशाला गं?" खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती. ती म्हणाली, "पेंढारी आले तं?"

नालवाडीला पोचलो तेव्हा बायकोनं माझ्या रुमालाची गाठ सोडली आणि भाकर चुलीपुढे ठेवत म्हणाली, "ही वाळकी भाकर कुठून उचलून आणली? फेकून देऊ?"

"राहू दे," मी म्हटलं. "पेंढारी आता आतापर्यंत यायचे."